विश्लेषण: आकाशातला 'चकवा'! ढगात शिरलेल्या वैमानिकाला वर-खाली का कळत नाही?

छोटं विमान कोसळल्याची बातमी आली की पहिल्या तासाभरात दोन कारणं पुढे येतात. एक 'खराब हवामान', दुसरं 'पायलटची चूक'. पण धडधाकट, प्रशिक्षित माणूस सुस्थितीतलं विमान थेट जमिनीवर कसं नेऊन आदळतो, हे त्यातून कळत नाही. ते समजून घ्यायचं तर अमेरिकेतल्या १९५९ सालच्या एका अपघाताकडे पाहायला हवं.

नेमकं काय घडलं होतं?

३ फेब्रुवारी १९५९. आयोवा राज्यात कडाक्याची थंडी होती. रॉक अँड रोल गायक बडी हॉली दौऱ्यावर होता आणि त्यांच्या बसमधला हीटर बंद पडला होता. पाय गारठल्यामुळे ड्रमवादकाला रुग्णालयात दाखल करावं लागलं होतं. पुढच्या मुक्कामी लवकर पोहोचण्यासाठी हॉलीने चार आसनी बीचक्राफ्ट बोनान्झा विमान भाड्याने घेतलं. सोबत रिची व्हॅलेन्स आणि जे. पी. रिचर्डसन हे गायक होते. वैमानिक रॉजर पीटरसन २१ वर्षांचा होता.

रात्री एकच्या सुमारास मेसन सिटी विमानतळावरून विमान उडालं. हलका बर्फ पडत होता. काही मिनिटांतच, सुमारे आठ किलोमीटरवरच्या शेतात ते ताशी जवळपास २७० किलोमीटर वेगाने आदळलं. चौघेही ठार झाले. इंजिनात बिघाड झाल्याचा पुरावा तपासात मिळाला नाही.

यात कानाचा काय संबंध?

आपला तोल डोळे, स्नायू आणि आतला कान मिळून सांभाळतात. आतल्या कानात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोकं वळलं की द्रव मागे रेंगाळतो आणि मेंदूला वळण कळतं. पण एकाच गतीने वळत राहिलो, तर दहा-वीस सेकंदांत द्रवही त्याच गतीने फिरू लागतो आणि 'आपण सरळ चाललोय' असं वाटायला लागतं. वळण अगदी सावकाश सुरू झालं, तर ते मुळात जाणवतच नाही.

दिवसा क्षितिज दिसत असतं, म्हणून डोळे ही चूक सुधारतात. पण हिवाळ्यातल्या रात्री खाली बर्फाने झाकलेली ओसाड शेतं, वर ढग आणि समोर भुरभुरणारा बर्फ असेल, तर क्षितिजच उरत नाही. रानात चकवा लागलेला माणूस सरळ चालतोय असं समजून गोल फिरत राहतो, तसंच इथे होतं. फरक एवढाच, की रानात माणूस थांबू शकतो. विमान कलत जातं, उंची गमावतं. वैमानिक नाक वर खेचतो, पण पंख कललेलेच असल्याने गिरकी आणखी आवळते. या अवस्थेला विमानचालनात 'स्पेशियल डिसओरिएन्टेशन', म्हणजेच दिशाभ्रम म्हणतात.

१७८ सेकंदांचा प्रयोग

१९५४ साली इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. केवळ यंत्रं पाहून उडवण्याचा अनुभव नसलेल्या २० जणांना बाहेरचं काही दिसणार नाही अशा स्थितीत विमान चालवायला दिलं. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला. त्यासाठी लागलेला सरासरी वेळ होता १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांपेक्षाही कमी. योगायोग असा, की ते विमानही बोनान्झाच होतं.

मग यंत्रं कशासाठी असतात?

नेमकी यासाठीच. 'कृत्रिम क्षितिज' दाखवणारं यंत्र विमान किती कललंय, नाक वर आहे की खाली, हे सांगतं. मात्र त्यावर विश्वास ठेवायचा म्हणजे स्वतःच्या शरीराचं ऐकायचं नाही आणि त्यासाठी वेगळं प्रशिक्षण, वेगळा परवाना लागतो. ७०० तासांहून अधिक उड्डाण करूनही पीटरसनकडे तो परवाना नव्हता; आधीच्या वर्षी तो त्या चाचणीत नापास झाला होता. शिवाय या विमानातलं यंत्र नाकाची दिशा नेहमीच्या यंत्राच्या बरोबर उलट दाखवायचं. त्यामुळे विमान खाली जात असताना ते चढतंय असा त्याचा समज झाला असावा, असं तपासकर्त्यांना वाटलं.

भारतात असं घडलंय?

हो. १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं जम्बो जेट वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं. २१३ जणांचा मृत्यू झाला. कॅप्टनसमोरच्या याच यंत्रात बिघाड झाला होता आणि अंधाऱ्या समुद्रावर डोळ्यांना दुसरा आधार नव्हता. डिसेंबर २०२१ मध्ये तमिळनाडूत कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांचं हेलिकॉप्टर कोसळलं. हवामान अचानक बदलून हेलिकॉप्टर ढगात शिरलं आणि वैमानिकाला दिशाभ्रम झाला, असा निष्कर्ष तिन्ही सैन्यदलांच्या चौकशीत निघाला. म्हणजे अनुभवी माणसाचा कानही फसतो.

मग चूक कोणाची?

१९५९ च्या अहवालात मुख्य कारण वैमानिकाचा निर्णय हेच आहे. जे उड्डाण फक्त यंत्रांच्या भरवशावर करावं लागणार होतं, ते पात्रता नसताना त्याने स्वीकारलं. पण अहवाल तिथेच थांबत नाही. हवामान बिघडत असल्याचे दोन तातडीचे इशारे त्याच्यापर्यंत पोहोचवलेच गेले नव्हते, हेही त्यात आहे आणि अपरिचित यंत्राचाही उल्लेख आहे.

म्हणूनच पुढच्या वेळी 'पायलटची चूक' असं वाचलं, तर आणखी तीन प्रश्न विचारायला हवेत. हवामानाची पूर्ण माहिती त्याला दिली होती का? त्या विमानातल्या यंत्रांवर त्याचा सराव होता का? आणि 'आज उडायचं नाही' असं तो म्हणाला असता, तर त्याचं कुणी ऐकलं असतं का? ढगात शिरल्यावर हातात मोजकी मिनिटं उरतात. त्या रात्रीचे महत्त्वाचे निर्णय विमान धावपट्टीवर असतानाच झालेले होते.