शाळेची वाट : औषध आणि पथ्य

सकाळीं शाळा भरतेवेळीं आपल्या घराजवळच्या एखाद्या शाळेच्या फाटकाशीं क्षणभर उभें राहून पहावें. पायीं येणारीं मुलें थोडीं. बाकीचीं वाहनांतून उतरतात. कोणाही आई-बापांस कारण विचारलें तर उत्तर एकच : “रस्त्यावर वाहनें फार, मुलास एकटें कसें पाठवावें?” आणि हें उत्तर देणारा स्वतः वाहनावर बसलेला असतो!

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षीं आमच्या फाटकापुढें तिसरींतील एका मुलीस मोटारीचा धक्का लागला व तिचा पाय मोडला. मोटार परक्याची नव्हती. दुसऱ्या मुलास पोंचविण्यास आलेल्या पालकाचीच होती. त्या दिवसापर्यंत मी फाटकाशीं उभा राहून मुलांनाच दरडावीत असें. गाडीवाल्यांस कधीं एक शब्द बोललों नव्हतों. ती टोंचणी अजून गेलेली नाहीं.

गेल्या उन्हाळ्यांत अमेरिकेंत राहणारी माझी पुतणी घरीं आली असतां हा विषय निघाला. ती म्हणाली, “काका, आमच्याकडे यासाठीं सरकार पैसे देतें.” मला नवल वाटलें, म्हणून मीं माहिती मिळविली, ती वाचकांपुढें ठेवतों.

त्या देशांत १९६९ सालीं शाळेंत जाणाऱ्या लहान मुलांपैकीं शेंकडा सुमारें ४८ पायीं किंवा सायकलीनें जात. २००९ सालीं तें प्रमाण १३ वर आलें. यावर उपाय शोधण्याची मूळ कल्पना डेन्मार्कमधील ओडेन्स शहराची, १९७० नंतरच्या दशकांतली. अमेरिकन सरकारनें २००० सालीं कॅलिफोर्नियांतील मरीन परगणा व मॅसॅच्युसेट्समधील आर्लिंग्टन या दोन ठिकाणीं प्रत्येकीं ५० हजार डॉलर देऊन प्रयोग करून पाहिला. पुढें २००५ च्या कायद्यानें शाळेच्या सुरक्षित वाटांसाठीं स्वतंत्र योजना निघाली व पांच वर्षांकरितां ६१ कोटी २० लक्ष डॉलर बाजूस काढण्यांत आले. प्रत्येक राज्यास वर्षाकाठीं निदान १० लक्ष डॉलर. गांवानें पदरची पैही घालावयास नको.

मला विशेष भावली ती या पैशाची वांटणी. शेंकडा ७० ते ९० भाग शाळेपासून सुमारें दोन मैलांच्या आंतील पदपथ, रस्ता ओलांडण्याच्या जागा व सायकलींच्या वाटा यांवर खर्चावयाचा. पण उरलेला १० ते ३० भाग दगड-डांबरासाठीं नव्हेच. तो मुलांस व पालकांस शिकविणें, वाहनांचा वेग आंवरणें, चालण्याची गोडी लावणें यांसाठीं. नुसती वाट बांधली म्हणून कोणी चालूं लागत नाहीं, हें कायदा करणारांनीं ओळखलें होतें.

मात्र २०१२ च्या कायद्यानें ही योजना स्वतंत्र राहिली नाहीं. ती इतर कामांच्या निधींत मिसळली, आणि सामान्यतः खर्चाचा पांचवा हिस्सा गांवानें उभा करावा असें ठरलें. ज्या गांवाची तिजोरी रिकामी त्याच गांवीं पदपथ नसावयाचे, आणि त्यालाच हा हिस्सा जड जावयाचा! २०२१ च्या कायद्यानें बारावीपर्यंतच्या मुलांच्या वाटांसही लाभ खुला केला, हें मात्र चांगलें झालें.

संस्कृतांत ‘पथ्य’ हा शब्द ‘पथिन्’ म्हणजे वाट यापासून झाला आहे. वाटेपासून ढळलेलें नाहीं तें पथ्य, अशी पाणिनीची फोड आहे. अनुदान हें औषध. तें सरकारनें द्यावें व आपण मागावेंच. आपल्याकडे शिक्षणहक्काच्या नियमांनीं पहिली ते पांचवीच्या मुलांसाठीं शाळा एक किलोमीटरच्या आंत असावी असें ठरविलें आहे. अंतर बेताचें झालें. पण तेवढ्या वाटेवर मुलास चालावयास जागा आहे काय, हें विचारणें आपलें काम. परंतु औषध बाहेरून आलें तरी पथ्य घरींच पाळावें लागतें.

पुतणीनें सांगितलें कीं, तिच्या गांवीं अर्ज करण्यापूर्वीं पालक व शिक्षक मुलांबरोबर ती वाट स्वतः चालले आणि प्रत्येक धोका त्यांनीं टिपून घेतला. तेथें एखादा वडील माणूस दारोदार थांबत मुलांस गोळा करून रांगेनें शाळेंत नेतो. त्यास ते ‘चालती बस’ म्हणतात. हें ऐकून मी ओशाळलों. आमची शाळा घरापासून दहा मिनिटांची, तरी सूनबाई नातवास रोज स्कूटरवरून नेत असे, आणि मी ओटीवर वर्तमानपत्र वाचीत बसलेला!

जूनपासून मी नातवाचें बोट धरून निघतों. शेजारचीं चार मुलें येऊन मिळालीं. पहिल्याच आठवड्यांत आम्हीं वहींत नोंदी केल्या : एक उघडें गटार, पदपथावर उभ्या केलेल्या मोटारी, चौकांतले पुसट झालेले पांढरे पट्टे. ती यादी पालकांच्या सह्यांनिशीं नगरपालिकेकडे दिली आहे. उत्तर येईल तेव्हां येईल. पण फाटकापुढचीं पांच वाहनें कमी झालीं, त्यासाठीं कोणाकडे अर्ज करावा लागला नाहीं. ज्या घरीं सकाळीं रिकामे आजोबा आहेत, त्या घरानें एवढें पथ्य सांभाळून पहावें.