पात्रतेची पायरी आणि घराचा उंबरठा

मुंबईत हक्काचे घर असावे, ही कष्टकरी आणि मध्यमवर्गीय कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्यांची आकांक्षा आहे. गिरणगावातील चाळीत वाढलेली मुले आज विरार-बदलापूरला संसार थाटतात आणि आयुष्याचा मोठा भाग लोकलच्या गर्दीत घालवतात. म्हाडाची सोडत हाच त्यांच्या आशेचा आधार. २०२४ मध्ये मुंबई मंडळाच्या २,०३० घरांसाठी एक लाखाहून अधिक अर्ज आले, ते यामुळेच.

या सोडतीची पहिली पायरी उत्पन्नाची. २०२२ मध्ये राज्य शासनाने मुंबई महानगर प्रदेशात अत्यल्प गटाची वार्षिक कौटुंबिक मर्यादा ६ लाख, अल्प गटाची ९ लाख आणि मध्यम गटाची १२ लाख रुपये केली. प्रधानमंत्री आवास योजनेतील ३ लाखांची मर्यादाही या प्रदेशापुरती २०२३ मध्ये ६ लाख झाली. वाढती महागाई पाहता ही सुधारणा योग्यच होती; परंतु तिच्यामागचे वास्तव तपासले पाहिजे.

२०२३ च्या सोडतीत गोरेगावच्या पहाडी येथील अत्यल्प गटाच्या घराची किंमत सुमारे ३० लाख रुपये होती. त्यासाठी २७ लाखांचे कर्ज वीस वर्षांसाठी नऊ टक्क्यांनी घेतले, तर मासिक हप्ता २४ हजारांवर जातो. महिना ५० हजार मिळविणाऱ्या कुटुंबाची निम्मी मिळकत त्यात संपते. २५ हजार मिळविणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. दोघेही एकाच गटात, दोघेही पात्र! मात्र घरकाम करणारी भगिनी किंवा हातगाडीवाला तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मिळवूनही बँकेच्या दारातूनच परततो. मर्यादा उंचावली, पण तिच्या तळाशी असलेला माणूस होता तेथेच राहिला.

त्याच सोडतीत ताडदेवच्या एका घराची किंमत साडेसात कोटींवर होती. सर्वसामान्यांच्या निवाऱ्यासाठी उभ्या राहिलेल्या संस्थेच्या यादीत अशी घरे असावीत, ही विसंगती कोणालाही खटकावी.

यावर उपाय आहेत. अत्यल्प गटातच कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी स्वतंत्र कोटा ठेवावा, घराची किंमत गटाच्या कर्ज फेडण्याच्या कुवतीशी जोडावी आणि ज्यांना विकत घेणे शक्यच नाही, त्यांच्यासाठी शासनाने भाड्याची घरे बांधावीत. दरम्यान, वस्तीवस्तीत कार्यकर्त्यांनी दाखले आणि अर्ज यांसाठी कुटुंबांना साहाय्य करावे.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी मांडलेल्या अंत्योदयाची कसोटी हीच आहे. रांगेतील शेवटच्या माणसाला केवळ पात्र ठरविणे पुरेसे नाही. त्याला उंबरठा ओलांडता आला पाहिजे.