सैनिकाचा विनोद हाही ऐतिहासिक पुरावाच! (थ्रेड)

१/ रविवारी खडकवासल्याच्या चौपाटीवर कांदाभजी आणि भाजलेली कणसे खाणारी गर्दी असते. त्याच जलाशयाच्या काठी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी उभी आहे. तिची पायाभरणी १९४९ मध्ये झाली आणि औपचारिक उद्घाटन जानेवारी १९५५ मध्ये. शेजार सत्तर वर्षांचा आहे. तरीही सैनिक नागरिकांना मुख्यतः दोनच ठिकाणी दिसतो : संचलनात आणि तिरंग्यात गुंडाळलेल्या शवपेटीत.

२/ युद्धावरून परतलेला माणूस या दोन्ही चित्रांत बसत नाही. समाज त्याला हार घालतो, सलाम करतो आणि पुढे जातो. या अंतरावरून संवाद होत नाही. ते अंतर तोडण्याचे एक जुने साधन सैनिकांपाशी आहे, ते म्हणजे विनोद. इतिहासलेखनाने मात्र त्याला किरकोळ मानून बाजूला ठेवले.

३/ याच प्रबोधिनीचे माजी छात्र इयान कार्डोझो. डिसेंबर १९७१ मध्ये सिल्हेट येथे गोरखा पलटणीत असताना त्यांचा पाय सुरुंगावर पडला. औषध नव्हते, शस्त्रक्रियेची साधने नव्हती. दुसऱ्या कुणाचा हात धजावेना, तेव्हा त्यांनी खुकरीने आपला चिंधड्या झालेला पाय स्वतः कापला आणि तो पुरून टाकायला सांगितले. पुढे ते भारतीय पायदळाच्या पलटणीचे आणि नंतर ब्रिगेडचे नेतृत्व करणारे पहिले युद्धविकलांग अधिकारी ठरले.

४/ हे शौर्य सर्वश्रुत आहे. पण त्यांच्या गोरखा जवानांना ‘कार्डोझो’ हे आडनाव उच्चारता येईना, म्हणून साहेबांचे ‘कारतूस साहेब’ झाले, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. पाकिस्तानी सर्जनने आपल्यावर शस्त्रक्रिया करू नये, पाकिस्तानी रक्त चढवू नये, असा हट्ट आपण धरला होता, हेही ते मोकळेपणाने सांगतात. शेवटी शस्त्रक्रिया केली ती पाकिस्तानी सर्जननेच! पुतळ्यापुढे फक्त नतमस्तक होता येते; कारतूस साहेबांशी बोलता येते.

५/ विनोद नेमके काय करतो, हे पाहण्यासाठी आणखी एक आयुष्य उपयोगी पडते. तेही महाराष्ट्रातच सुरू झाले. १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगरच्या लष्करी छावणीत एका तोफखान्यातील सैनिकाला मुलगा झाला. त्याच्या बालपणातली काही वर्षे पुण्यात गेली. जग त्याला स्पाइक मिलिगन या नावाने ओळखते.

६/ दुसऱ्या महायुद्धात मिलिगन ब्रिटिश तोफखान्यात होता. जानेवारी १९४४ मध्ये इटलीत, माँते कासिनोच्या आघाडीवर, तो उखळी तोफेच्या गोळ्याने जखमी झाला. पायाची जखम भरली, मनाची भरली नाही. तो थरथरे, रडे, बोलताना अडखळे. या अवस्थेत त्याला दिलासा मिळाला नाही. उलट त्याची पदावनती झाली. नंतर तो सैनिकांसाठी करमणुकीचे कार्यक्रम करणाऱ्या पथकांत गेला.

७/ १९५१ ते १९६० या काळात बीबीसीवर गाजलेला ‘द गून शो’ प्रामुख्याने त्यानेच लिहिला. पीटर सेलर्स, हॅरी सीकोम हे त्याचे सहकारीही सैन्यातून आलेले. कार्यक्रमात सतत स्फोट होत. एक पोरगेलेसे पात्र वारंवार स्फोटात मरे आणि पुढच्या आठवड्यात जिवंत परते. मेजर ब्लडनॉक हा हिंदुस्थानात नोकरी केलेला पळपुटा, लाचखाऊ अधिकारी. ज्या आवाजाने मिलिगनला मोडले, तोच आवाज आता त्याच्या हुकमात होता आणि घराघरांतले नागरिक त्यावर त्याच्यासोबत हसत होते.

८/ येथे एक आक्षेप रास्त आहे : हसण्याने दुःख झाकले जाते. मिलिगनलाही विनोदाने बरे केले नाही; मानसिक आजाराचे झटके त्याला आयुष्यभर येत राहिले. म्हणून विनोदाला उपचार मानणे चूक आणि हसणाऱ्या माजी सैनिकाला ‘ठणठणीत’ समजणे तर क्रूरपणाच. विनोदाचे काम वेगळे असते. जे सरळ सांगता येत नाही, ते सांगायला तो जागा करून देतो. ऐकणाऱ्याने तिथे थांबायचे की टाळी वाजवून निघायचे, हे मात्र समाजाने ठरवायचे असते.

९/ आता एक तुलना. त्याच इटलीत, ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी मराठा लाइट इन्फंट्रीच्या नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. तेही अहमदनगर जिल्ह्यातले, निमज गावचे. मिलिगनच्या युद्धाचा हशा, भीती आणि वेडेपणा त्याने स्वतः खंडामागून खंड लिहून ठेवला. जाधवांचे युद्ध जगापुढे आले ते मुख्यतः प्रशस्तिपत्राच्या भाषेत. त्या भाषेत जखमींना पाण्यातून वाहून नेणारा वीर मावतो. रात्री खंदकात सोबत्यांची फिरकी घेणारा माणूस मावत नाही.

१०/ मराठी परंपरेत ही जागा नव्हती असे नाही. तमाशाच्या वाढीचा संबंध अभ्यासक उत्तर पेशवाईतील लष्करी छावण्यांशी जोडतात. लढाईच्या मुलखात सोंगाड्या उभा राहून मोठ्यामोठ्यांची टोपी उडवे आणि शिपाई हसत. म्हणजे छावणीतल्या हसण्याला मराठीत रंगमंच होता. आज सैनिकावर बोलताना मात्र पोवाड्याचा सूर तेवढा उरला आणि सोंगाड्या हरवला.

११/ एक मर्यादा पाळायलाच हवी. सैनिकाच्या जखमेवर पहिला विनोद करण्याचा हक्क सैनिकाचा. त्याने दार उघडले तर नागरिकाने आत यावे. बाहेरून दार ढकलू नये.

१२/ अपशिंगे (मिलिटरी) सारखी गावे महाराष्ट्रात आहेत आणि निवृत्त सुभेदार, हवालदार तर कितीतरी घरांत आहेत. इतिहासाची आवड असलेल्या तरुणांनी त्यांच्यासमोर रेकॉर्डर ठेवताना ‘किती शत्रू मारले?’ हा प्रश्न सोडून द्यावा. ‘तुमच्या पलटणीत कोणाला काय टोपणनाव होते? सगळ्यात जास्त कशावर हसायचात?’ असे विचारावे. उत्तर गमतीने सुरू होईल. मग टोपणनावाचा तो सोबती पुढे कुठे गेला, हे सांगताना आवाज बदलेल. तिथे पुढचा प्रश्न विचारण्याची घाई करू नये.