फॉर्ममध्ये नसलेला रकाना

फील्ड प्रोजेक्ट म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? एका दिवसाची ट्रिप, ग्रुप फोटो आणि सबमिशनच्या आदल्या रात्री भरलेले फॉर्म. माझंही तसंच होतं. पदवीला असताना आम्ही सहा जण अलिबाग तालुक्यातल्या एका कातकरी वाडीवर सर्व्हेला गेलो. महिना डिसेंबर. निम्मी घरं बंद. माणसं कुठे गेली विचारलं, तर एक आजी म्हणाली, ‘भट्टीवर.’

फॉर्ममध्ये प्रश्न होता : मूल शाळेत नियमित न येण्याचे कारण. पर्याय चार : पालकांची उदासीनता, अभ्यासाची नावड, आजारपण, इतर. आम्ही बिनधास्त पहिल्यावर टिक केली. मार्क चांगले पडले. ती टिक मात्र अजून टोचते.

कारण खरं उत्तर त्या फॉर्ममध्ये नव्हतंच. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. बाकीच्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. आपल्या जिल्ह्यातली अनेक कातकरी कुटुंबं पावसाळ्यात उचल घेतात, दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पोरं बरोबरच जातात, कारण मागे त्यांना सांभाळणार कोण? म्हणजे शाळेचं दुसरं सत्र गेलंच. वर घरी कातकरी बोली आणि पुस्तकात प्रमाण मराठी. ‘नीट बोल’ हे वाक्य वर्गात ऐकलेल्या आपल्या आगरी-कोळी मित्रमैत्रिणींना यातला अपमान वेगळा सांगायला नको.

कुणी म्हणेल, एका टिकने काय बिघडतं? बिघडतं. कारण ‘उदासीनता’ ठरलं की उपाय म्हणून पालकांचा जनजागृती मेळावा होतो. ‘उचल आणि स्थलांतर’ ठरलं तर हंगामी वसतिगृह किंवा भट्टीजवळ शाळा, असा विचार सुरू होतो. ठाण्याकडे विधायक संसदेने वीटभट्ट्यांवरच भोंगाशाळा काढल्या, त्या यामुळेच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखल्याला उशीर झाला म्हणून दुसरी शाळा मुलाला प्रवेश नाकारू शकत नाही. पण हे भट्टीवरच्या आईबापाला सांगायचं कुणी?

विद्यापीठातल्या मोठ्या संशोधनाचंही फार वेगळं नाही. प्रबंध ‘शोधगंगा’वर जातो, कुणालाही वाचता येतो, पण बहुतेकदा इंग्रजीत. ज्या वाडीने आपला दिवस मोडून उत्तरं दिली, तिच्यापर्यंत तो पोचत नाही. १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे हेच दुखणं मांडलं होतं : कर भरतो शेतकरी, शिकतात वरचे वर्ग.

आणि हे आपल्या रायगडात तरी विसरायला नको. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेनेही पुढच्या वर्षी तसा ठराव केला. तरी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत यायला २० मार्च १९२७ उजाडला, आणि त्यासाठी माणसांना चालत जावं लागलं. कागदावरचा न्याय आपोआप तळ्यापर्यंत जात नाही.

म्हणून आपल्या प्रोजेक्टपुरत्या तीन गोष्टी करता येतील. फॉर्म छापण्याआधी वाडीवर जाऊन प्रश्न काय विचारायचे तेच विचारा. सर्व्हे दिवाळीआधी करा, आणि भट्टीच्या हंगामात एकदा भट्टीवरही जा. आणि रिपोर्ट मराठीत दोन पानांचा करून वाडीवर वाचून दाखवा. चुकलं असेल तर ते सांगतील, कदाचित हसतीलही. हसू द्या.

मी अजून ते केलेलं नाही. आजींची वाडी तिथेच आहे, माझा रिपोर्ट कॉलेजच्या कपाटात. यंदा दिवाळीआधी मी तो घेऊन जाणार आहे. पहिली दुरुस्ती त्या टिकची.