घाटात काटा का चढतो?
मे महिन्यातला शनिवार, खंडाळ्याच्या घाटात वाहनांची रांग आणि कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या: मुंबई-पुणे प्रवाशांना हे दृश्य नवीन नाही. चढाला दोष देऊन सगळे मोकळे होतात. खरी तपासणी मात्र एका प्रश्नापासून सुरू होते: गाडी उभी असताना तापते की धावताना? मोकळ्या रस्त्यावर समोरचा वारा रेडिएटरला पुरतो. खोळंब्यात ते काम पंख्याचं. रांगेत चढलेला काटा वेग घेताच उतरत असेल, तर संशय पंख्यावर. धावतानाच तापत असेल, तर कूलंटची गळती, अडकलेला थर्मोस्टॅट, तुंबलेला रेडिएटर नाहीतर वॉटर पंप. पंख्याची परीक्षा सोपी आहे. बहुतेक गाड्यांत एसी लावला की तो फिरायला हवा. नाही फिरला, तर आधी फ्यूज आणि रिले पाहायचे. मग जाणकार मेकॅनिक मोटरला थेट बॅटरीचे 12 व्होल्ट देतो. पंखा फिरला, तर मोटर धडधाकट. खोट रिले, सेन्सर किंवा वायरिंगमध्ये. तरी अनेकदा आधी मोटरच बदलली जाते, कारण ती डोळ्यांना दिसते (आणि बिलातही). काही गाड्यांचा पंखा जोरात फिरतो, कमी वेगावर मात्र ढिम्म; तिथे बहुधा रेझिस्टर जळालेला असतो. दाबाखालचं कूलंट 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, पण रेडिएटरचं झाकण सैल होताच उसळून हात भाजतं. इंजिन गार होईपर्यंत पाण्याची बाटली डिकीतच बरी.