झेरमॅटला जायचंय? हॉटेल शेवटी ठरवा

निवृत्त फौजी घरांमध्ये हल्ली एक बेत हमखास शिजत असतो: स्वित्झर्लंड. कम्युटेशनचे पैसे हातात आलेले असतात, मुलांची लग्नं उरकलेली असतात, कुणाचा मुलगा, कुणाची सून झ्युरिक नाहीतर म्युनिकला नोकरीला असते. आयुष्यभर डोंगरात काढली, आता एकदा हौसेनं डोंगर बघू, असं माणूस म्हणतो. त्यात गैर काहीच नाही. या बेतात झेरमॅटचं नाव आलं की मात्र पहिला प्रश्न ठरलेला असतो: खोलीच्या खिडकीतून मॅटरहॉर्न दिसेल असं हॉटेल कोणतं?

माझं मत असं की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. आधी उंची बघावी, मग दिवस मोजावेत, मग हंगाम, मग विमा आणि डॉक्टर. एवढं झालं की हॉटेल कुठलंही चालतं. आपण नेमकं उलट करतो. ज्या लोकांनी नोकरीत एक साधी गस्तसुद्धा जमीन, हवामान आणि वेळ न बघता काढली नाही, तेच लोक सहलीला निघताना सगळा हिशेब एजंटाच्या रंगीत पत्रकावर सोडून देतात.

झेरमॅट दक्षिण स्वित्झर्लंडच्या व्हाले प्रांतात, एका अरुंद दरीच्या शेवटाला आहे. पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना गावात प्रवेश नाही. गाडी अलीकडच्या टॅश गावी ठेवायची आणि तिथून बारा मिनिटांची आगगाडी पकडायची. झ्युरिकहून रेल्वेनं आलात तर फिस्पला गाडी बदलून साडेतीन तासांच्या आसपास पोहोचता. गावात विजेवरच्या छोट्या डबागाड्या फिरतात, घड्याळांची महागडी दुकानं आहेत, खिडक्याखिडक्यांत फुलं आहेत. सगळं इतकं नीटनेटकं की आपण उंच पर्वतात आहोत याचा विसर पडतो. गडबड होते ती इथेच.

आकडे बघा. झेरमॅट गाव सुमारे 1,620 मीटरवर आहे. आपलं कळसूबाई शिखर 1,646 मीटर. म्हणजे महाराष्ट्राच्या माथ्यावर उभं राहिल्यावर जी उंची होते, जवळपास तिथे त्या गावचा बाजार भरतो. तिथून पाळण्यात बसायचं, मध्ये बदलायचं आणि तासाभराच्या आत क्लाइन मॅटरहॉर्नच्या टोकावर. तिथला सज्जा 3,883 मीटरवर, म्हणजे साधारण 12,740 फुटांवर आहे. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे 62-63 टक्के उरतो. गावात वीस अंश असेल तर वर पाचच्या आसपास, आणि वारा सुटला की त्याहून कमी. मुंबईहून विमानानं येऊन दुसऱ्याच दिवशी सकाळी वर गेलात, तर दीड दिवसात तुम्ही समुद्रकिनाऱ्यावरून जवळजवळ तेरा हजार फुटांवर चढलेले असता.

फौजेत आपण काय करतो? 9,000 फुटांच्या वर पोस्टिंग असलं की पहिल्या टप्प्यात सहा दिवस. पहिले दोन दिवस नुसता आराम, पुढचे दोन दिवस सावकाश चालणं, शेवटचे दोन दिवस थोडी चढण. 12,000 फुटांपुढे जायचं तर आणखी चार दिवस, 15,000 च्या पुढे पुन्हा चार. विशीतला, तपासून घेतलेला, रोज पाच किलोमीटर पळणारा जवान असला तरी त्याला यातून सूट नाही. लेहला विमानातून उतरलेला उत्साही लेफ्टनंट पहिल्याच दिवशी बॅडमिंटन खेळायला निघाला, तर त्याला पलंगावर परत पाठवणारा सुभेदार प्रत्येक युनिटमध्ये असतो. आणि तेच सुभेदार साहेब वयाच्या पासष्टीला, रक्तदाबाच्या गोळ्या खिशात घेऊन, बायकोला सोबत घेऊन एका तासात तेवढीच उंची गाठायला निघतात, कारण पत्रकावर ‘डे थ्री : ग्लेशियर पॅराडाइज’ असं छापलेलं असतं.

उगाच भीती घालायची नाही. तिथे मुक्काम करायचा नसतो. तासभर थांबून खाली यायचं असतं, आणि उंचीचा त्रास बहुतेकदा काही तास वर राहिल्यावर जाणवू लागतो. रोज कितीतरी माणसं वर जातात आणि हसत परत येतात. धडधाकट माणसाला फार तर धाप लागेल, डोकं जड होईल. पण हृदयाचा, फुफ्फुसांचा त्रास असलेल्या माणसासाठी तो एक तास वेगळा असतो.

मागच्या वर्षी एका निवृत्त सुभेदार मेजरांचा फोन आला. साताऱ्याकडचे, माझ्या पहिल्या युनिटमधले. अँजिओप्लास्टी होऊन वर्ष झालेलं. म्हणाले, “साहेब, पोरानं बोलावलंय. वर जाता येईल का?” मी म्हटलं, “साहेब, तुम्ही डॉक्टरांना काय विचारलंत?” म्हणाले, “स्वित्झर्लंडला जाऊ का, असं विचारलं. ते म्हणाले, खुशाल जा.” मग ते पुन्हा गेले आणि या वेळी आकडा सांगितला: 3,883 मीटर, तासाभरात. डॉक्टरांनी तपासण्या करायला सांगितल्या आणि उत्तर बदललं. गोर्नरग्राटपर्यंत जा, तेही दोन-तीन दिवस गावात काढल्यावर, त्याच्या वर नको. ते तसे गेले आणि आनंदात परत आले. डॉक्टरांना देशाचं नाव सांगून उपयोग नसतो. उंची आणि वेळ सांगावी लागते.

मग बेत कसा आखावा? एका जागी किमान चार रात्री. आल्या दिवशी काही नाही: गावातून नदीकाठानं रमतगमत फिरा, भरपूर पाणी प्या (नळाचं पाणी पिण्यासारखं आहे, बाटल्या विकत घेऊ नका), लवकर झोपा. दुसऱ्या दिवशी सुनेगा. डोंगराच्या पोटातून जाणारी रेल्वे काही मिनिटांत 2,288 मीटरवर सोडते. जवळच छोटं तळं आहे, तिथून मॅटरहॉर्न समोर दिसतो. तिसऱ्या दिवशी गोर्नरग्राट, 3,089 मीटर. दातेरी रुळांची ही रेल्वे 1898 पासून धावते आणि सुरुवातीपासून विजेवर. उतरताना रोटेनबोडेन स्टेशनवर उतरून रिफेल तळ्यापर्यंत पायी जाता येतं. वारा नसेल तर पाण्यात अख्खा मॅटरहॉर्न उलटा दिसतो. चौथ्या दिवशी, सगळे ठणठणीत असतील आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर ते 3,883 मीटरचं टोक.

यात एखादा दिवस पावसात किंवा ढगात जाणारच. म्हणून पाचवा दिवस राखीव ठेवा. राखीव तुकडीशिवाय आपण कधी लढाईची योजना केली होती का? वरच्या तिकिटाचं आगाऊ बुकिंग करण्यापेक्षा सकाळी उठून वरच्या स्टेशनांचे कॅमेरे मोबाइलवर बघा आणि आभाळ मोकळं दिसलं तरच तिकीट काढा. उन्हाळ्यात वरच्या टोकाचं पूर्ण भाड्याचं जाऊन-येऊन तिकीट माणशी शंभर फ्रँकच्या पुढे जातं. एवढे पैसे देऊन ढगात उभं राहण्यात अर्थ नाही. रेल्वेचा स्विस पास असेल तर सवलत मिळते, ती विचारून घ्या.

“चार-पाच रात्री? झेरमॅटला? परवडेल का?” हा प्रश्न येणारच, आणि रास्त आहे. गाव महाग आहे. पण पैसा कुठे घालायचा हे आपल्या हातात असतं. मॅटरहॉर्न समोर दिसणाऱ्या खोलीत एक रात्र काढण्यापेक्षा स्टेशनजवळच्या साध्या, स्वयंपाकघर असलेल्या जागेत चार रात्री काढा. टॅशला राहिलात तर आणखी स्वस्त पडतं. स्टेशनसमोर सुपरमार्केट आहे. तांदूळ, भाजी, दही, पाव मिळतो. मेतकूट आणि लोणचं आपलं आपण न्यावं. मॅटरहॉर्न बघायला पैसे लागत नाहीत, तो रस्त्यावरूनही तेवढाच दिसतो. पैसे द्यायचेच असतील तर जास्तीच्या दिवसांसाठी द्या. उंचीची सवय व्हायला आणि आभाळ उघडायला दिवसच लागतात.

हंगामाचं गणितही आपण चुकवतो. आपल्या सुट्ट्या मे महिन्यात आणि दिवाळीत. झेरमॅटमध्ये नेमके हेच दोन हंगामांच्या मधले दिवस. बर्फावर घसरणाऱ्यांची गर्दी ओसरलेली असते, पायवाटा वर अजून बर्फाखाली असतात किंवा पुन्हा झाकल्या जात असतात, आणि बरीच हॉटेलं, खानावळी सुट्टीवर असतात. शाळकरी मुलं सोबत असतील तर इलाज नाही. पण निवृत्त माणसाला शाळेचं वेळापत्रक कशाला हवं? जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत जा. माझी पसंती सप्टेंबरला: गर्दी कमी, वाटा मोकळ्या.

आता विमा. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतोच, म्हणून बहुतेक जण सगळ्यात स्वस्त कागद घेऊन मोकळे होतात. तो कागद वाचा. आधीपासून असलेला आजार त्यात धरलाय का? डोंगरातून हेलिकॉप्टरनं उचलून आणण्याचा खर्च धरलाय का? आपल्याकडे हेलिकॉप्टर आलं की जवानानं बिल बघितलेलं नसतं. तिथे ते येतं, झटपट येतं, पण बिलही येतं. ईसीएचएसचं कार्ड तिथे चालत नाही. रुग्णवाहिकेचा नंबर 144, तो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आधीच घालून ठेवा.

घाईत ठरवलेल्या बेताचं काय होतं याचा सगळ्यात मोठा दाखला याच गावात आहे. एडवर्ड व्हिंपर हा इंग्रज गिर्यारोहक 1861 पासून मॅटरहॉर्नच्या मागे लागलेला. जुलै 1865 मध्ये त्याला कळलं की एक तुकडी इटलीच्या बाजूनं निघाली आहे. तो धावत झेरमॅटला आला आणि तिथे मोंटे रोझा हॉटेलात भेटलेल्या दुसऱ्या इंग्रज गटाशी त्यानं हातमिळवणी केली. बेत रात्रीत ठरला, सकाळी कूच. त्या सात जणांत 19 वर्षांचा हॅडो होता, डोंगराचा अनुभव तुटपुंजा. 14 जुलैला ते शिखरावर पोहोचले, इटलीवाल्यांच्या आधी. उतरताना हॅडोचा पाय घसरला. तो आपल्यासोबत आणखी तिघांना घेऊन गेला. दोर मध्येच तुटला म्हणून व्हिंपर आणि टाऊगवाल्डर बापलेक वाचले. तो तुटलेला दोर आज गावातल्या संग्रहालयात काचेमागे आहे, आणि चर्चजवळ गिर्यारोहकांची दफनभूमी आहे. ग्लेशियरच्या टोकाला जायच्या आधी या दोन ठिकाणी जाऊन या. झेरमॅट जगाच्या नकाशावर आलं ते बरंचसं त्या अपघातामुळे.

कुणी म्हणेल, हौसेच्या सहलीला ऑपरेशन ऑर्डर कशाला? मला वाटतं, नीट बेत केला की तिथे गेल्यावर डोकं मोकळं राहतं. धाप लागलेल्या बायकोकडे बघत फोटो काढण्यात कसली मजा आलीय? ज्यांना एवढा खर्च नको, त्यांनी गुलमर्गला जावं. गाव 2,650 मीटरवर आणि गंडोलाचा दुसरा टप्पा अफरवटच्या खांद्यावर थेट 3,900 मीटरच्या वर नेतो. म्हणजे झेरमॅटच्या टोकापेक्षाही थोडं उंच. श्रीनगरहून सकाळी निघून दुपारी वर, असाच बहुतेकांचा बेत असतो. नियम तिथेही हाच: एक-दोन रात्री गावात काढा, मग वर जा, आणि बरं वाटत नसेल तर खाली या. आपलं हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल त्याच गुलमर्गला आहे. तिथे शिकलेल्या माणसाला विचारा, तो हेच सांगेल.

तर यंदा कुणाच्या घरी बेत शिजत असेल, तर आज रात्री एक कागद घ्या. वर सगळ्यांची नावं, वय आणि औषधं लिहा. त्याखाली प्रत्येक दिवसाची उंची मीटरमध्ये. एक दिवस कोरा सोडा. तो कागद डॉक्टरांना दाखवा. हॉटेल त्यानंतर शोधायला बसा.