‘मेडे’ फक्त तीनदा, पुढे काहीच नाही. पायलट आणि एटीसी रेडिओवर नेमकं काय बोलतात?

१२ जून २०२५, अहमदाबाद विमानतळ. दुपारी १ वाजून ३७ मिनिटं ३३ सेकंदांनी लंडनला निघालेल्या एअर इंडियाच्या एआय १७१ विमानाला टेकऑफची परवानगी मिळाली. जेमतेम दीड मिनिटानंतर, १ वाजून ३९ मिनिटं ५ सेकंदांनी, त्याच विमानातून रेडिओवर एक शब्द तीनदा ऐकू आला. मेडे, मेडे, मेडे.

कंट्रोलरनं लगेच कॉलसाईन विचारला. उत्तर आलं नाही. विमान हद्दीबाहेर कोसळताना त्याला समोर दिसलं. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९, असे २६० जण या अपघातात गेले.

अपघात तपास विभागाच्या म्हणजे एएआयबीच्या प्राथमिक अहवालात ‘मेडे’च्या कॉलची नोंद इतकीच आहे. पण तुमच्या-आमच्या मोबाईलवर त्या दिवसांत काय काय फिरत होतं ते आठवा. पायलटच्या तोंडी घातलेली लांबलचक वाक्यं, ‘शेवटचा मेसेज’ म्हणून फॉरवर्ड झालेले मजकूर.

मग प्रश्न पडतो की पायलट एवढंच का बोलले? आणि एरवी पायलट आणि एअर ट्रॅफिक कंट्रोल, म्हणजे एटीसी, रेडिओवर बोलतात तरी काय?

आधी विमान, मग बोलणं

पायलटला प्रशिक्षणात एक क्रम शिकवतात. आधी विमान सांभाळा, मग दिशा ठरवा, आणि त्यानंतर बोला. रेडिओ तिसऱ्या नंबरवर आहे, कारण खाली बसलेला कंट्रोलर विमान उडवू शकत नाही. तो रनवे मोकळा करून देईल, बाकीची विमानं बाजूला काढेल, अग्निशमन दल उभं करेल. पण हातातलं विमान पायलटलाच सांभाळायचं असतं.

एआय १७१ जमिनीवरून उचललं गेल्यापासून ‘मेडे’पर्यंत २६ सेकंद गेले होते. त्यानंतर सहा सेकंदांत ब्लॅक बॉक्सचं रेकॉर्डिंग थांबलं. इतक्या वेळात कारणं सांगत बसणं शक्यच नसतं. त्यासाठीच हा शब्द आहे. तो तीनदा म्हटला की त्या फ्रिक्वेन्सीवरच्या बाकी सगळ्यांनी गप्प बसायचं, आता हे विमान पहिलं. धोका आहे पण तो अगदी जिवावर बेतलेला नाही, अशा वेळी ‘पॅन पॅन’ म्हणतात.

एका वेळी एकच जण

हा रेडिओ तुमच्या एफएमच्या पट्ट्याच्या जरा वर, साधारण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर चालतो. तो फोनसारखा नाही. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. एका फ्रिक्वेन्सीवर अनेक विमानं असतात आणि सगळ्यांना सगळ्यांचं ऐकू येतं. हा फायदा आहे, कारण पुढच्या विमानाला काय सांगितलं ते मागच्यालाही कळतं.

तोटा असा की दोघांनी एकदम बटण दाबलं तर कुणाचंच नीट कळत नाही. कानात नुसती शिट्टी वाजते. आता मुंबईचा विचार करा. तिथले दोन रनवे एकमेकांना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येतो. गर्दीच्या तासात त्यावरून चाळीसहून जास्त विमानं उतरतात आणि उडतात. म्हणजे दर दीड मिनिटाला एकाहून जास्त. तिथे रेडिओवर पाल्हाळ लावायला जागाच नाही.

अर्धवट ऐकू आलेल्या वाक्याची किंमत किती असू शकते? २९ जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर धडकून ६७ जण गेले. टॉवरनं हेलिकॉप्टरला विमानाच्या मागून जायला सांगितलं होतं. पण नेमकं तेव्हाच हेलिकॉप्टरमधलं माईकचं बटण ०.८ सेकंद दाबलेलं होतं. त्यामुळे ‘मागून जा’ हा भाग त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नसावा, असं तिथल्या तपास यंत्रणेनं सांगितलं. त्या अपघाताला इतरही कारणं होती. पण वाक्यातले हेच दोन शब्द गळणं किती महागात पडू शकतं, ते यातून दिसतं.

जे ऐकलं, ते परत म्हणून दाखवा

यावरचा उपाय आपल्याला शाळेपासून माहीत आहे. बाईंनी सांगितलेलं परत म्हणून दाखवायचं. विमानवाहतुकीत याला ‘रीडबॅक’ म्हणतात.

समजा, कंट्रोलर म्हणाला, “आयफ्लाय टू थ्री फोर, फ्लाइट लेव्हल वन फाइव्ह झीरोला उतरा.” आयफ्लाय हा इंडिगोचा रेडिओवरचा कॉलसाईन. वन फाइव्ह झीरो म्हणजे १५ हजार फूट. यावर पायलटनं नुसतं ‘ओके’ म्हणून चालत नाही. उंचीचा आकडा आणि आपला कॉलसाईन त्याला परत म्हणावा लागतो. आणि कंट्रोलरनं तो लक्ष देऊन ऐकायचा असतो. चुकला असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करायचा.

बाकीची भाषाही ऐकताना चूक होऊ नये म्हणूनच घडवलेली आहे. ए म्हणजे ‘अल्फा’, बी म्हणजे ‘ब्राव्हो’. इंग्रजी नऊचा उच्चार ‘नायनर’, म्हणजे तो पाचसारखा ऐकू येणार नाही. आणि सिनेमात सर्रास वापरला जाणारा ‘रॉजर’? त्याचा अर्थ ‘हो’ नाही. त्याचा अर्थ फक्त ‘तुमचं बोलणं ऐकलं’. ‘ऐकलं आणि तसं करतो’ यासाठी वेगळा शब्द आहे, ‘विल्को’.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? त्याचं उत्तर जुन्या अपघातांमध्ये आहे.

‘ओके’ या शब्दानं काय केलं?

२७ मार्च १९७७. स्पेनच्या टेनेरिफ बेटावरचा विमानतळ, दाट धुकं. एकाच रनवेवर केएलएम आणि पॅन ॲम या कंपन्यांची दोन जम्बो जेट. केएलएमच्या को-पायलटनं पुढच्या मार्गाचा रीडबॅक दिला आणि शेवटी जोडलं की आम्ही आता टेकऑफवर आहोत. म्हणजे टेकऑफसाठी उभे आहोत की निघालो आहोत?

कंट्रोलर म्हणाला, “ओके.” पुढे त्यानं थांबायलाही सांगितलं. पण त्याच क्षणी पॅन ॲमचा पायलटही आम्ही अजून रनवेवरच आहोत असं सांगायला लागला. दोन्ही आवाज एकमेकांवर आदळले. केएलएमच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’ स्पष्ट ऐकू आलं आणि त्यापुढे शिट्टी.

तरी एकाला शंका आली. केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरनं विचारलं की ते पॅन ॲम बाजूला झालं नाही का? कॅप्टननं ठामपणे सांगितलं, झालंय. तो कंपनीतला मोठ्या मानाचा कॅप्टन होता. पुढे कुणी काही बोललं नाही. ५८३ जण गेले. विमानवाहतुकीच्या इतिहासातला हा सगळ्यात भीषण अपघात.

त्यानंतर जगभर नियम झाला. ‘टेकऑफ’ हा शब्द फक्त टेकऑफची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा. एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं.

आपल्याकडे काय झालं होतं?

१२ नोव्हेंबर १९९६. दिल्लीहून निघालेलं सौदी अरेबियन एअरलाइन्सचं विमान वर चढत होतं. कझाकस्तान एअरलाइन्सचं विमान दिल्लीकडे उतरत होतं. तेव्हा दिल्लीत येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांसाठी एकच मार्ग होता. सौदी विमानाला १४ हजार फुटांवर थांबायला सांगितलं होतं, कझाक विमानाला १५ हजारांवर. समोरून विमान येतंय, हेही कंट्रोलरनं कझाक विमानाला कळवलं होतं.

तरीही कझाक विमान १५ हजारांच्या खाली आलं. हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन्ही विमानं हवेतच धडकली आणि ३४९ जण गेले. हवेत झालेल्या टकरींमध्ये ही जगातली सगळ्यात मोठी.

न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांच्या चौकशीत कझाक विमानानं दिलेली उंची सोडल्याचा ठपका आला. सोबत दोन गोष्टी पुढे आल्या. पायलटांचं इंग्रजी पुरेसं नव्हतं. आणि त्या कॉकपिटमध्ये रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा आणि विमान उडवणारे वेगळे होते. म्हणजे कंट्रोलरचं वाक्य उडवणाऱ्यापर्यंत पोहोचायला मध्ये आणखी एक पायरी होती.

यानंतर दिल्लीत येण्याजाण्याचे मार्ग वेगळे झाले. टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा भारतात विमानांना सक्तीची झाली. पुढे २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या नागरी विमानवाहतूक संघटनेनं, म्हणजे इकाओनं, इंग्रजीच्या सहा पातळ्या ठरवल्या. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या पायलटांना आणि कंट्रोलरना किमान चौथी पातळी लागते. यात फाडफाड इंग्रजीला मार्क नाहीत. ठरलेल्या वाक्यांबाहेरचं काही घडलं, तर ते समजेल असं सांगता आणि समजून घेता येतं का, हे बघतात.

संकटात भिडस्तपणा नको

२५ जानेवारी १९९० ला कोलंबियाहून निघालेलं एव्हियान्का कंपनीचं विमान न्यूयॉर्कजवळ पोहोचलं. हवा वाईट होती, त्याला तासाहून जास्त वेळ घिरट्या घालाव्या लागल्या. इंधन संपत आलं. कॅप्टननं को-पायलटला सांगितलं, आणीबाणी आहे असं कळव. को-पायलटनं ‘इंधन संपतंय’ सांगितलं, ‘प्राधान्य’ मागितलं. पण ‘इमर्जन्सी’ किंवा ‘मेडे’ हा शब्द शेवटपर्यंत उच्चारला नाही. कंट्रोलरसाठी ते अनेक विनंत्यांपैकी एक राहिलं. चारही इंजिनं बंद पडली आणि १५८ पैकी ७३ जण गेले.

आता याच्या शेजारी जून २०२५ मधला प्रसंग ठेवा. गुवाहाटीहून चेन्नईला गेलेल्या इंडिगोच्या विमानाला तिथे उतरता आलं नाही. बेंगळुरूकडे जाताना पायलटनं इंधनासाठी ‘मेडे’ दिला. विमान सुखरूप उतरलं. एअर इंडियाच्या अपघातानंतर थोड्याच दिवसांत ‘मेडे’ ऐकून अनेकांच्या पोटात गोळा आला. पण इथे ‘मेडे’ म्हणणं ही यंत्रणा नीट चालत असल्याची खूण होती.

रीडबॅक बरोबर आला, तरीही?

२ जानेवारी २०२४, टोकियोचं हानेडा विमानतळ. जपानच्या तटरक्षक दलाच्या विमानाला कंट्रोलरनं सांगितलं, तुमचा नंबर पहिला, रनवेच्या अलीकडे थांब्यापर्यंत या. पायलटनं ते बरोबर परत म्हटलं. पण रनवेवर जायची परवानगी मिळाली असा त्याचा समज झाला. मागून उतरणारं जपान एअरलाइन्सचं विमान त्यावर आदळलं. मोठ्या विमानातले सगळे ३७९ जण बाहेर पडले, छोट्या विमानातले सहापैकी पाच गेले. जपाननं मग ‘नंबर एक’ असं सांगणं काही काळ थांबवलं.

म्हणजे शब्द बरोबर पोहोचले, तरी अर्थ पोहोचेल याची खात्री नसते.

मग सरळ मेसेज का पाठवत नाहीत?

पाठवतात. समुद्रावर साध्या रेडिओची रेंज संपते. तिथे एचएफ रेडिओ आणि उपग्रहावरून जाणारे लेखी संदेश वापरतात. अरबी समुद्रावरून येणारी विमानं ‘मुंबई रेडिओ’शी एचएफवर बोलतात, तिथली खरखर पायलटांच्या चांगलीच ओळखीची आहे. लेखी संदेशात ऐकण्याची चूक होत नाही. पण तो टाईप करायला, वाचायला, उत्तर द्यायला वेळ लागतो. रनवेजवळ सेकंदांचा हिशोब असतो, म्हणून तिथे अजून आवाजच लागतो.

पुढच्या वेळी ‘पायलटचे शेवटचे शब्द’ असं लिहिलेला व्हिडिओ समोर आला, की फॉरवर्ड करण्याआधी हे आठवा. संकटातला पायलट भाषण देत नाही. आणि रोजची हजारो उड्डाणं सुखरूप उतरतात, त्यामागे रेडिओवरचं एक अगदी कंटाळवाणं काम असतं. एकानं आकडा सांगायचा, दुसऱ्यानं तो परत म्हणायचा, आणि पहिल्यानं तो कान देऊन ऐकायचा. दिवसभर, प्रत्येक विमानासाठी, न कंटाळता.